सातव्या क्रमांकाचा निरोप

कॅप्टन,

मंगळवारी दुपारी वहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. "शुभदा, हे गेले. तू ये." एवढंच बोलल्या. मी हेडफोन काढून ठेवला, माझी चार विमानं शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णींकडे सोपवली आणि उमेळ्याला आले. तुमच्या अंगणात तोवर निम्मं गाव जमलं होतं. तुम्ही किती तास उडालात, कुठली कुठली विमानं चालवलीत, केव्हा निवृत्त झालात, हे लोक एकमेकांना हलक्या आवाजात सांगत होते आणि त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. मी कोणाचंही दुरुस्त केलं नाही. एरवी केलं असतं, तुम्हाला माहीत आहे.

आज सोळा दिवस झाले. तुमच्याबद्दल कुठेतरी लिहा, असं मला दोघातिघांनी सांगितलं. पण तुमच्याबद्दल लिहायला बसले की वाक्य आपोआप तुमच्याकडेच वळतं. इतकी वर्षं तुमच्याशीच बोलायची सवय, त्याला मी काय करू? म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. लांबण लागेल. तुम्ही वैतागाल. वैतागा.

पहिली दोन वर्षं आपण एकमेकांना पाहिलंच नव्हतं, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नव्वदच्या दशकात खासगी विमान कंपन्या नव्याने निघत होत्या, त्यातल्या एका कंपनीत मी डिस्पॅचर म्हणून लागले. वसई रोडच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना वाटायचं, मी पार्सलं पाठवते. प्रत्यक्षात मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून, वर उडत असलेल्या विमानांना रेडिओवरून माहिती पुरवायचे. पुढची हवा कशी आहे, इंधन किती लागेल, उतरायला मिळालं नाही तर कुठे जायचं, असलं सगळं. वैमानिकांना उड्डाणाआधी कागद द्यायचं काम खालच्या मजल्यावरच्या काउंटरचं. त्यामुळे तुम्ही वैमानिक त्यांना दिसायचात, मला फक्त आवाज. तुमचा आवाज मी शंभरात ओळखला असता, कारण त्यात एकच शब्द असायचा. "रॉजर."

बाकीचे वैमानिक काहीतरी विचारायचे, कुरकुरायचे, एखादा विनोद करायचे. तुम्हाला मी काहीही सांगितलं तरी "रॉजर". आणि तो शब्द तुम्ही असा टाकायचात की पलीकडच्या माणसाने पुढे बोलायची सोय राहू नये. ड्यूटीच्या तक्त्यावर तुमचं नाव दिसलं, "कॅप्टन राऊत", की मी मुद्दाम जास्त बोलायचे. हा माणूस कधीतरी दुसरा शब्द बोलेल, अशी एक ईर्ष्या होती. माझा नवरा अनिल तेव्हाही म्हणायचा, "तू भाजीला कोथिंबीर आण म्हणून सांगतानासुद्धा आधी हवामानाचा अंदाज देतेस." खोटं नव्हतं ते.

मग तो पावसाळ्यातला बुधवार आला. आपण त्या बुधवारबद्दल इतक्यांदा बोललो की तुमची बाजू मला पाठ आहे, माझी तुम्हाला. तरी एकदा नीट सांगते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला ती ठाऊक नसणार.

तुम्ही उत्तरेकडून मुंबईला येत होतात. दुपारी बाराच्या सुमाराला मुंबईवर पाऊस असा कोसळला की विमानं उतरायची थांबली. सगळ्यांना वर घिरट्या घालायला सांगितलं. अशा वेळी फार वेळ वाट बघता येत नाही. जवळचा दुसरा विमानतळ आधीच ठरवलेला असतो आणि तिथे पोचण्यापुरतं इंधन राखून ठेवलेलं असतं. तुमच्यासाठी ठरलेला विमानतळ गुजरातमधला होता. पण तुमच्याआधीच बरीच विमानं तिकडे वळली होती आणि तिथून मला फोन आला की उभं करायला जागाच उरलेली नाही, आता कोणाला पाठवू नका.

मी तुम्हाला रेडिओवर बोलावलं. ढग किती खाली आलेत ते सांगितलं. वारा सांगितला. धावपट्टीवर पाणी साचलंय हे सांगितलं. तुमच्यापुढे किती विमानं आहेत, पुढच्या तासाभराचा अंदाज काय, तुमच्या विमानातल्या अकरा प्रवाशांना मुंबईहून पुढचं विमान पकडायचंय, हे सगळं सांगितलं. आणि मग, सातव्या क्रमांकाला, तुमचा पर्यायी विमानतळ भरलाय, तिथे जाऊ नका, हे सांगितलं.

"रॉजर," तुम्ही म्हणालात.

मी वहीत वेळ लिहिली, पुढे "कळवलं, पोच मिळाली" असं लिहिलं आणि दुसऱ्या विमानाकडे वळले.

वीस मिनिटांनी तुम्ही त्याच विमानतळाकडे निघालात. तिथल्या टॉवरने तुम्हाला जागा नाही म्हणून सांगितलं आणि आणखी पुढे, दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथे उतरलात तेव्हा टाकीत नियमाने असायला हवं त्याहून कमी इंधन उरलेलं होतं. कोणाला ओरखडाही आला नाही. प्रवासी मात्र उकाड्यात संध्याकाळपर्यंत विमानातच बसून राहिले, आणि इंधन नियमाखाली गेल्यामुळे चौकशी लागली.

तुमचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. त्यात एक ओळ होती, पर्यायी विमानतळाची स्थिती आम्हाला कळवण्यात आली नाही. विभागप्रमुखांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी माझी वही दाखवली. ते म्हणाले, "वहीत काहीही लिहिता येतं." मला रेडिओवरून काढून जुन्या फायली लावायला बसवलं. चौकशी संपेपर्यंत.

त्या दहा दिवसांत मी तुम्हाला मनातल्या मनात जे जे बोलले, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आताही सांगत नाही. अनिलला म्हटलं, मी नोकरी सोडते. तो म्हणाला, "सोड, पण आधी त्या माणसाला एकदा समोरासमोर भेट." मी म्हटलं, "त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही."

तर दुसऱ्याच रविवारी सकाळी दारात तुम्ही. पांढरे केस, चुरगळलेला सदरा, खाली उभी केलेली स्कूटर, आणि हातात राजेळी केळ्यांची एवढी मोठी फणी. मला वाटलं, सोसायटीत केळी विकायला कोणी आलंय. मी म्हणणार होते, आज नकोत.

"मी राऊत," तुम्ही म्हणालात. "उमेळ्याचा."

"कोण राऊत?"

"तुम्ही ज्याला त्या बुधवारी विमानतळ भरलाय म्हणून सांगितलंत, तो."

आवाज ओळखायला मला एक क्षण लागला, कारण एवढं मोठं वाक्य मी तुमच्याकडून ऐकलं नव्हतं, आणि मराठीत तर काहीच ऐकलं नव्हतं. रेडिओवर आपलं सगळं इंग्रजीत. उमेळ्याहून आमच्या घराला स्कूटरवर दहा मिनिटं लागतात आणि दोन वर्षं आपण पस्तीस हजार फुटांवरून एकमेकांशी इंग्रजी बोलत होतो.

"पण तुम्हाला तर कोणी सांगितलंच नव्हतं ना," मी म्हटलं. "तुमच्या अहवालात तसं आहे."

"आहे. तेच बदलायला आलोय. आत येऊ का?"

अनिलने तुम्हाला आत घेतलं. मी घेतलं नसतं. तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसलात आणि सांगितलंत की काल तुमचा सहवैमानिक मेहरा तुमच्याकडे आला होता. त्या दिवशी माझा निरोप त्याने ऐकला होता, शेवटपर्यंत, सातव्या क्रमांकासकट.

"मग तो तेव्हाच का नाही बोलला?" मी विचारलं.

"मी 'रॉजर' म्हणालो, त्याला वाटलं मला कळलंय. पुढे मी तिकडेच वळलो तेव्हा त्याला वाटलं, माझ्याकडे काही वेगळी माहिती असेल." मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "आणि खरं सांगू का, बाई? माझ्याबरोबर उडताना कोणी फारसं बोलत नाही. मी बोलू देत नाही."

हे वाक्य बोलायला तुम्हाला किती जड गेलं ते मी पाहिलं. माझा राग त्यानंतर फार वेळ टिकला नाही. मी तो टिकवायचा बराच प्रयत्न केला.

तुम्ही खिशातून नवा अहवाल काढून मला वाचायला दिलात. त्यात सगळी चूक तुमची होती. माझं नाव होतं ते फक्त मी वेळेवर आणि स्पष्ट कळवलं, एवढ्यापुरतं. मी तो दोनदा वाचला आणि मला तो पटेना. वेळेवर कळवलं हे खरं. पण स्पष्ट?

"हे बरोबर नाही," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?"

"मी ते सातव्या नंबरला सांगितलं. ते आधी सांगायला हवं होतं. तुम्ही अकरा प्रवाशांपर्यंत पोचेस्तोवर ऐकणं सोडून दिलेलं असणार."

"वाऱ्यालाच सोडून दिलं होतं," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या कानात मुंबईचा टॉवर बोलत होता. तुम्ही गप्प व्हावं म्हणून मी रॉजर म्हणालो."

अनिल हसला. मग तुम्ही हसलात. मग मलाही हसू आवरेना. दहा दिवस फायलींच्या धुळीत बसून जे रडू आलं नव्हतं, ते त्या हसण्यातून आलं. तुम्ही गडबडून गेलात आणि केळ्यांची फणी माझ्यापुढे सरकवलीत, जणू तीच त्याच्यावरचं औषध होती.

सोमवारी तुम्ही तुमचा अहवाल दिलात, मी माझा दिला. तुम्ही लिहिलं होतं चूक तुमची, मी लिहिलं होतं चूक माझी. विभागप्रमुख दोन्ही कागद हातात धरून म्हणाले, "दोघंही गुन्हा कबूल करताय, मी चौकशी कशाची करू?" दोघांनाही ताकीद मिळाली. मला माझा रेडिओ परत मिळाला. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ती ताकीद मला मिळायला नको होती, आणि मला वाटत राहिलं की तुमचीच जरा कडक होती.

इतर कोणी असतं तर तिथे थांबलं असतं. तुम्ही सुट्टीच्या दिवशी गणवेश न घालता आमच्या खोलीत आलात, कोपऱ्यातली खुर्ची ओढलीत, कानाला हेडफोन लावलात आणि चार तास बसलात. पाच विमानं एकाच वेळी बोलत होती. दोन फोन वाजत होते. टेलिप्रिंटरचा कागद जमिनीवर लोळत होता. तासाभराने मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही घामाने डबडबलेले.

"मला वाटायचं, तुम्ही फक्त माझ्याशी बोलता," तुम्ही म्हणालात.

मग माझी पाळी आली. कुठून परवानगी मिळवलीत कोण जाणे, पण महिन्याभरात मी तुमच्या कॉकपिटमधल्या मागच्या लहान खुर्चीवर पट्टा बांधून बसले होते. तोवर मला वाटायचं, तुम्ही वर निवांत बसलेले असता आणि माझ्या निरोपाची वाट बघता. विमान खाली उतरायला लागलं आणि टॉवरचा माणूस न थांबता बोलायला लागला, मेहरा आकडे वाचून दाखवायला लागला, आणि त्यातच आमच्या खोलीतून कोणीतरी शांतपणे कुठल्या तरी प्रवाशाच्या व्हीलचेअरबद्दल सांगू लागलं. तुम्ही मागे वळून बघितलं नाही. फक्त डावा हात उचलून अंगठ्याने त्या आवाजाकडे खूण केलीत. मी मान खाली घातली. तशी व्हीलचेअर मी कित्येकदा सांगितली होती.

त्यानंतर आपण दोघांनी मिळून जे ठरवलं ते इतकं साधं होतं की लिहायला संकोच वाटतो. ज्याने निर्णय बदलणार आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. "रॉजर" चालणार नाही, कारण त्याचा अर्थ ऐकलं एवढाच, कळलं असा नाही. पण ते वैमानिकांच्या गळी उतरवायला तुम्हाला तीन वर्षं लागली. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का, बाईंनी सांगितलेलं परत म्हणून दाखवायला? तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. तुम्ही त्यांना एकेक करून आमच्या खोलीत आणून बसवलंत.

आणि त्यांना तुमच्या वाडीतला पंपाचा किस्सा सांगितलात. तो घडला तेव्हा मी तिथेच होते, वहिनींबरोबर पडवीत वाल सोलत. तुम्ही तिथूनच विहिरीवरच्या गड्याला हाक मारलीत, "गोविंद, पाणी बंद कर!" पलीकडून उत्तर आलं, "हो!" तुम्ही माझ्याशी गप्पा मारत बसलात. अर्ध्या तासाने पानवेलीच्या वाफ्यांत घोटाभर पाणी. तुम्ही तावातावाने गोविंदाकडे गेलात, मीही मागोमाग. तो कमरेवर हात ठेवून शांत उभा होता.

"तुमी पानी म्हनाले, मी हो म्हनालो," तो म्हणाला. "चालू का बंद, ते मोटरीच्या आवाजात कुटं ऐकाला येतंय?"

तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बाई, हा माझा सख्खा भाऊ." गोविंदाला त्यातलं काही कळलं नाही. त्याने मोटर बंद केली आणि नंतर वर्षभर तो प्रत्येक हाकेला तुमच्यापर्यंत चालत येऊन विचारायचा, "काय म्हनालात?" तुम्ही कंटाळला नाहीत. हे मला विशेष वाटायचं.

आपला वाद मात्र मिटला नाही. तुमचं म्हणणं, एका वेळी तीन गोष्टी सांगायच्या, चौथी नाही. माणसाच्या कानात त्याहून जास्त मावत नाही. माझं म्हणणं, चौथीच महत्त्वाची निघाली तर? कुठली महत्त्वाची हे आधी कळत असतं तर आम्ही कशाला हवे होतो? या वादावर आपण किती रविवार घालवले. तुमचे राग मला आवडायचे. तुम्ही आवाज चढवायच्या ऐवजी सुपारी कातरायला घ्यायचात, आणि जितका राग जास्त तितकी सुपारी बारीक.

एक गोष्ट मात्र मला तुमच्यापाशी बोलायची राहिली. ती नंतरच्या एका पावसाळ्यातली. त्या बुधवारनंतर पाच-सहा वर्षांनी तुम्ही असेच मुंबईवर घिरट्या घालत होतात आणि मी रडारवर पाहत होते. पावसाचा पट्टा लांबच लांब दिसत होता. पर्यायी विमानतळावर दोनच जागा उरल्या होत्या. मी तुम्हाला बोलावलं आणि आयुष्यातलं सर्वांत लहान वाक्य बोलले. "कॅप्टन, आत्ता वळा. तिथे दोनच जागा आहेत."

"आत्ता वळतो, दोनच जागा आहेत," तुम्ही म्हणालात, आणि वळलात.

तुम्ही तिकडे पोचायच्या आत मुंबईचा पाऊस थांबला. नळ बंद करावा तसा. तुमच्या मागची तीन विमानं आरामात उतरली. तुम्ही प्रवाशांना घेऊन भलत्याच गावी तीन तास बसलात. मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेवढ्यात तिथून तुमचा फोन आला.

"बाई, इथे चहा बरा मिळतो."

"कॅप्टन, इथला पाऊस थांबला."

"कळलं. सामोसेही आहेत."

एका प्रवाशाने रागाने लांबलचक पत्र लिहिलं. विभागप्रमुखांनी मला बोलावलं आणि पत्र वाचायला दिलं, तर त्याला तुमची एक ओळ आधीच टाचलेली होती, "वळण्याचा निर्णय माझा होता आणि परत तीच माहिती मिळाली तर मी परत वळेन." नियमाने निर्णय कॅप्टनचाच असतो, हे खरं. पण तुम्हाला ते लिहायची गरज नव्हती. त्याबद्दल मी तुम्हाला कधी आभाराचा शब्द बोलले नाही. त्याऐवजी मी पुढची सात वर्षं, पाच मिनिटं थांबायला हवं होतं, माझाच अंदाज चुकला, असा वाद घालत राहिले. तुम्ही म्हणायचात, "त्या वेळी जे दिसत होतं त्यावरून बरोबर होतं. नंतर काय झालं ते पावसाला विचार." मी म्हणायचे, तुम्ही मला सांभाळून घेताय. तुम्ही सुपारी कातरायचात.

कॅप्टन, मला तेव्हा सांभाळून घेणारं कोणी हवं होतं. थँक्यू.

शेवटची भेट तुमच्या पडवीत झाली. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, आवाज खोल गेला होता. कानाचं यंत्र टेबलावर पडलेलं, कारण ते लावलं की कावळे फार मोठ्याने ओरडतात अशी तुमची तक्रार होती. मी आता नव्या डिस्पॅचरांना शिकवते, त्याची तुम्ही चौकशी केलीत.

"किती गोष्टी सांगतेस त्यांना, एका वेळी?"

"चार," मी म्हटलं.

तुम्ही उशी सारखी करून डोळे मिटलेत. मला वाटलं, दमलात. मग म्हणालात, "साडेतीनवर मिटवू." मी म्हटलं, विचार करून सांगते. मला काय माहीत, तेवढा वेळ नव्हता म्हणून. नाहीतर मिटवलं असतं. खरं म्हणजे, नसतं मिटवलं.

आता तुमच्यावर एक तक्रार आहे. हे सगळं लिहायला बसण्याचं खरं कारण तेच.

तेराव्याचं सगळं आटोपलं, पाहुणे गेले, आणि वहिनी, तुमची स्वाती आणि मी मागच्या अंगणात भांडी पुसत बसलो. स्वाती म्हणाली, "आई, आता माझ्याकडे दिल्लीला चल थोडे दिवस." वहिनी म्हणाल्या, "येईन. रेल्वेचं बघ." मी सहज म्हटलं, "रेल्वे कशाला? विमानाने जा दोन तासांत." तर वहिनी म्हणाल्या, "मी कधी बसले नाही गं विमानात."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. पस्तीस वर्षं वैमानिकाची बायको असून? घरच्या माणसांची तिकिटं दरवर्षी मिळतात आणि दरवर्षी वाया जातात, हे मला ठाऊक होतं. तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं, हिला उंचीची भीती वाटते. तेव्हाही मला जरा नवल वाटलं होतं, कारण साठी ओलांडलेली ही बाई शिडी लावून पपया काढते.

"भीती वाटते म्हणून ना?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"कॅप्टन म्हणाले होते."

वहिनींनी फडकं खाली ठेवलं. "लग्नाच्या पहिल्या वर्षी हे म्हणाले, उद्या चल माझ्याबरोबर, हैदराबाद दाखवतो. माझी दाढ अशी ठणकत होती की मला डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, मला नको. त्यानंतर विचारलंच नाही कधी."

"मग तुम्ही विचारायचं होतं."

"मला वाटलं, कंपनीचा नियम असेल," वहिनी म्हणाल्या. "एकदा नाही म्हटलं की परत नेत नसतील."

स्वाती आधी हसली आणि मग रडायला लागली. वहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मलाही कळेना, हसावं की काय करावं. तुम्ही इतकी वर्षं मोठमोठ्या कॅप्टनांना परत विचारायला शिकवलंत. कॅप्टन, हे मात्र तुमचं चुकलं. यात माझा काही वाटा नाही. ही एक चूक सबंध तुमची आहे, आणि या एका चुकीवर तरी माझ्याशी वाद घालायला तुम्ही इथे हवे होतात.

तिकीट काढलंय. पुढच्या गुरुवारी, सकाळी नऊ पन्नासचं. मी त्या दिवशीची सकाळची ड्यूटी मागून घेतली आहे, म्हणजे ते विमान माझ्याच टेबलावर असेल. स्वाती आधीच परत गेली आहे, ती तिथे घ्यायला येईल. वहिनींनी नवी चप्पल आणलीय आणि ती घालून त्या घरातल्या घरात चालून बघतात. कुठल्या बाजूला बसलं म्हणजे वरून उमेळं दिसेल, हे मी तीन कॅप्टनना विचारलं. एक म्हणाला उजवीकडे, एक म्हणाला डावीकडे, आणि तिसरा म्हणाला टॉवर कुठून वळवेल त्यावर आहे. शेवटी काल संध्याकाळी मी वहिनींनाच विचारायला गेले, तुम्हाला खिडकी कुठल्या बाजूची हवी?

"कुठलीही दे," त्या म्हणाल्या. "उमेळं मी रोज बघते. मला वरून ढग बघायचेत."